हॅलोविनच्या संध्याकाळी नेमकं कशाला घाबरायचं?

न्यू जर्सीत आल्यावरचं आमचं पहिलं हॅलोविन. रात्री साडेआठला जेवणाच्या टेबलावर लेकीची भोपळ्याच्या आकाराची प्लॅस्टिकची बादली उपडी केली, आणि नवरा नि मी मोबाइलचे टॉर्च लावून एकेका चॉकलेटचा कागद तपासत बसलो. कुठे सुईचं भोक दिसतंय का, चिकटवलेली कड सुटलीय का, गोळी दाबली तर आत काही टोचतंय का. ऑफिसातल्या एकीनं बजावलं होतं, "लोक कँडीत ब्लेड घालतात, विष घालतात. बघितल्याशिवाय खाऊ देऊ नकोस." अर्धा तास आमची ती झडती चालली. सापडलं काहीच नाही.

त्याच संध्याकाळी, सहा वाजून गेल्यावर, हीच लेक नखशिखांत काळ्या वटवाघळाच्या वेषात माझा हात सोडून पळाली होती. समोरच्या फुटपाथवर शाळेतली मैत्रीण दिसली, एवढंच कारण. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून ती थेट रस्त्यात. येणाऱ्या गाडीचे ब्रेक करकचले. बंपर आणि लेक यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. गाडीतली बाई खाली उतरली आणि तिचेच हात थरथरत होते. "मला ती दिसलीच नाही," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. खरं बोलत होती ती. मलाही त्या अंधुक उजेडात लेकीचा फक्त चेहरा दिसत होता, पंख कुठे संपतात नि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर या प्रसंगावर आम्ही दोन मिनिटं बोललो असू. गोळ्यांना मात्र अर्धा तास दिला. हा हिशेब किती उलटा होता ते नंतर वाचत गेले तसं कळलं. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे सांगते, कारण दर ऑक्टोबरात नव्यानं आलेल्या मराठी आईबापांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच ब्लेडची गोष्ट फिरते आणि रस्त्याबद्दल कुणी अक्षर काढत नाही.

ज्यांना हा सण नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेतला सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर मृतांचा. गोव्यात त्या दिवशी कबरींवर फुलं-मेणबत्त्या असतात, ते अनेकांनी पाहिलं असेल. १ तारखेची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन, ३१ ऑक्टोबर. आयरिश लोकांबरोबर ते अमेरिकेत आलं आणि इथे त्याचं पोरांच्या सणात रूपांतर झालं. मुलं सोंगं घेऊन दारोदार जातात, "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणतात, दार उघडणारा बादलीत खाऊ टाकतो. गुहागरकडच्या माझ्या सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, ही तर आपली शिमग्याची सोंगं." मला इतकी नेमकी व्याख्या कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. फरक एवढाच की शिमग्यात संकासुराच्या मागेपुढे सगळं गाव असतं. इथे सहा वर्षांची संकासुरीण एकटीच कुणाच्याही अंगणात शिरते, आणि मधला रस्ता गाड्यांचा असतो.

गोळ्यांतलं विष

आधी ब्लेडची भीती निकालात काढू. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी या एकाच प्रश्नाचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला. त्यांनी आणि जेराल्ड होरियुची यांनी १९८५ साली पहिला अभ्यास छापला. जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या एकेक करून तपासल्या, प्रत्येकीचं पुढे काय झालं ते पाहिलं. अनोळखी माणसानं दारावर आलेल्या मुलाला वाटलेल्या खाऊतून मूल दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, अशी एकही पक्की घटना त्यांना मिळाली नाही. बऱ्याच बातम्यांच्या मुळाशी मुलांनी स्वतःच केलेला खोडसाळपणा निघाला: गोळीत टाचणी खुपसायची आणि आईला नेऊन दाखवायची.

मग ही भीती आली कुठून? तिला एक खरं, आणि फार काळं, मूळ आहे. १९७४ साली टेक्ससमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोविनच्या रात्री कागदी नळीत मिळणारी, सायनाइड घातलेली साखरपूड खाऊन मेला. सगळ्या देशाचा थरकाप उडाला. तपासात निघालं की विष घालणारा त्याचा जन्मदाता बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. संशय येऊ नये म्हणून त्यानं तशाच नळ्या आणखी मुलांनाही दिल्या होत्या. सुदैवानं त्या कुणी खाल्ल्या नाहीत. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. म्हणजे "अनोळखी माणूस विष घालतो" या अफवेचाच आडोसा एका बापानं घेतला होता. पुढे १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शिकागो भागात डोकेदुखीच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरून सात माणसं मारली. तो गुन्हा खरा होता, पण दुकानातल्या औषधाचा होता. हॅलोविन तोंडावर असल्यानं दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एकमेकींत मिसळल्या. काही दवाखाने तर मुलांच्या पिशव्या एक्स-रे यंत्राखाली तपासून देऊ लागले. एक्स-रेत धातू दिसतो, विष दिसत नाही, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

तसंच दुसरं भय: त्या रात्री मुलांवर वाईट नजर असलेले लोक सोकावतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० राज्यांतल्या नोंदी तपासल्या गेल्या. हॅलोविनला मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत वाढ झाल्याचं दिसलं नाही. मुलांना अनोळखी घरात न शिरण्याची सवय लावायचीच आहे, पण ती वर्षभरासाठी.

गोळ्या बघू नका असं मी म्हणत नाही. वेष्टन फाटलेलं असेल तर टाकून द्या, त्याला पाच मिनिटं पुरतात. उरलेली पंचवीस मिनिटं रस्त्यासाठी ठेवा.

सहा वाजता काय होतं?

२०१८ च्या ऑक्टोबरात 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला. कॅनडातले डॉ. जॉन स्टेपल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या जीवघेण्या अपघातांच्या सरकारी नोंदी घेतल्या. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पाच ते मध्यरात्र एवढ्या वेळात किती पादचारी मेले ते मोजलं. तुलनेसाठी बरोबर आठवडाभर आधीची आणि आठवडाभर नंतरची संध्याकाळ घेतली, म्हणजे वारही तोच येतो.

आकडे असे: हॅलोविनच्या ४२ संध्याकाळी ६०८ मृत्यू. तुलनेच्या ८४ संध्याकाळी ८५१. भागाकार करून बघा. साध्या संध्याकाळी सरासरी दहा, हॅलोविनला साडेचौदा. धोका ४३ टक्क्यांनी वाढला, असं बातम्यांत आलं ते याच भागाकारातून. चार ते आठ वर्षांच्या मुलांपुरतं पाहिलं तर वाढ टक्क्यांत सांगण्याजोगी राहतच नाही: दहापट. आणि सगळ्यांत वाईट वेळ संध्याकाळी सहाच्या आसपास.

इथे जरा थांबायला हवं, कारण "दहापट" ऐकून मूल घरात कोंडून ठेवणारे आईबाप मला माहीत आहेत. वाढ कितीपट हा एक प्रश्न, मुळात आकडा केवढा हा दुसरा. सगळ्या अमेरिकेत, तेहतीस कोटींच्या देशात, सगळ्या वयांची मिळून त्या संध्याकाळी सरासरी चार माणसं जास्त मरतात. एका मुलाच्या बाबतीत ही शक्यता अगदीच नगण्य. शिवाय त्या दिवशी रस्त्यावर लहान मुलंच इतर दिवसांपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे आकडा वाढणं ओघानंच आलं. अभ्यासकांचंही म्हणणं सण बंद करा असं नाही. मला त्या आकड्यांतून कामाची वाटली ती वेळ. धोका रात्रभर सारखा पसरलेला नाही, तो एका तासाभोवती गोळा झालेला आहे, आणि त्या तासाचं काहीतरी करता येतं.

त्या तासात तीन-चार गोष्टी एकदम जुळून येतात. अमेरिकेत घड्याळं हिवाळी वेळेवर मागे जातात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. २००७ पासून हा नियम आहे, त्याआधी तो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार असे. म्हणजे हल्ली हॅलोविनला घड्याळ उन्हाळीच असतं आणि आमच्याकडे सूर्य सहाला पाचेक मिनिटं असताना मावळतो. नेमकी तीच ऑफिसातून घरी परतण्याची वेळ. तीच लहान मुलांना बाहेर काढण्याची वेळ, कारण मोठी पोरं नंतर येतात. आणि संधिप्रकाशाची गंमत अशी की आभाळ अजून उजळ असतं, त्यामुळे सगळं दिसतंय असंच वाटत राहतं. जमिनीलगत मात्र अंधार साचलेला असतो. चालकाचे डोळे आभाळाच्या उजेडाला सरावलेले, आणि तीन फुटी वटवाघूळ त्या साचलेल्या अंधारात.

आता गाडीचं गणित. वस्तीतल्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. या वेगानं गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. काहीतरी आडवं आलं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीडेक सेकंद जातोच, तेवढ्यात सोळा-सतरा मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर पुढे नऊ-दहा मीटर थांबायला. सगळे मिळून पंचवीस मीटरच्या वर, म्हणजे एकामागे एक उभ्या दोन एसटी गाड्यांएवढं अंतर. आणि ऑक्टोबरअखेर रस्ता कोरडा असला तरी त्यावर ओल्या पानांचा थर असतो. उभ्या गाड्यांच्या फटीतून मूल बाहेर आलं की मिळतात चार-पाच मीटर. माझ्या लेकीला त्या बाईनं वाचवलं ते तिची गाडी मर्यादेच्याही निम्म्या वेगानं चालली होती म्हणून. तिला मी कधी भेटले तर चहाला बोलावीन.

मुलांच्या बाजूनं पाहिलं तर येणारी गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे याचा एकत्र अंदाज बांधणं हे मेंदूचं अवघड काम आहे; दहाएक वर्षांपर्यंत ते भरवशाचं होत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या सुरक्षा संस्था बारा वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस हवंच असं सांगतात. "दोन्हीकडे बघून रस्ता ओलांड" हे सहा वर्षांचं मूल घडाघडा म्हणून दाखवतं, वेळेवर करेलच असं नाही. मैत्रीण दिसली की सगळे पाठ विसरतात.

आमच्या घरी आता एकच नियम आहे, आणि तो लेकीला नाही, आम्हाला लागू आहे: नागमोडी जायचं नाही. रस्त्याच्या एका अंगाची सगळी घरं आधी संपवायची, कोपऱ्यावर जाऊन एकदाच ओलांडायचं, मग दुसऱ्या अंगानं परत यायचं. समोरच्या घरी मोठं चॉकलेट देतायत अशी कितीही खात्रीलायक बातमी आली तरी. यानं ओलांडणं वीस-पंचवीस वेळांवरून दोनवर आलं. बाकीच्या सगळ्या सूचना एकत्र केल्या तरी एवढा फायदा होत नाही असं माझं मत आहे. मोबाइल खिशात. फोटो घराच्या पायरीवर, चालताना नाही. आणि गाडी घेऊन घरोघर फिरणारे पालक, म्हणजे मुलं उतरवायची, दहा पावलं पुढे न्यायची, पुन्हा चढवायची, असे मला समजत नाहीत. थंडी वाजते तर घरी जा की.

काही शाळा आणि चर्चं पार्किंगच्या मैदानात गाड्यांच्या डिक्क्या सजवून तिथेच मुलांना खाऊ वाटतात. वाहता रस्ता नसल्यानं अगदी लहानांसाठी ती सोय उत्तम, पण मैदानातल्या गाड्या कार्यक्रम संपेपर्यंत जागच्या हलणार नाहीत हे आधी विचारून घ्यावं.

दिसण्याचा प्रश्न सर्वांत स्वस्तात सुटतो. रिफ्लेक्टर टेप, रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटावर असते तीच, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पांढरा कपडा उजेड चहूकडे उधळून देतो, त्यातला थोडाच चालकाकडे परत येतो. टेपमधले बारीक मणी किंवा लोलक उजेड जिथून आला तिथेच माघारी पाठवतात, त्यामुळे हेडलाइट लावलेल्या चालकाला ती झगझगीत दिसते, शेजारी उभ्या माणसाला मात्र साधी करडी पट्टी. म्हणून मुलं कुरकुरत नाहीत, सोंग बिघडत नाही. ती लावायची कुठे? पाठीवर आणि बादलीवर लावाच, पण घोटे आणि मनगटं विसरू नका. हलणाऱ्या दोन पट्ट्या दिसल्या की हे चालणारं माणूस आहे हे चालकाला पटकन कळतं. चमकणाऱ्या नळ्या गळ्यात घातल्या तर चालतं; मुलं त्या चावतात, आतला द्रव तोंडात-डोळ्यांत गेला तर झोंबतो. धोका फारसा नसतो, तोंड धुवून पाणी पाजलं की पुरतं, पण रडारड होते.

मुखवट्यापेक्षा चेहरा रंगवणं बरं. मुखवट्याची भोकं सरकली की बाजूचं दिसतच नाही. रंग आदल्या दिवशी हाताच्या आतल्या अंगाला लावून बघावा. हौशी किशोरांसाठी एक: मांजरडोळ्यांच्या रंगीत लेन्स अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे, नंबर नसला तरीही, आणि ते योग्यच आहे. चुकीच्या मापाची लेन्स बुबुळाला इजा करते.

कपड्याची लांबी घोट्याच्या वर. आपल्या लोकांची एक खास अडचण असते: थंडी असेल, आत स्वेटर मावला पाहिजे, पुढच्या वर्षीही झाला पाहिजे, म्हणून पोशाख एक माप मोठा घ्यायचा. मग तो लोळतो. खाली दुमडून धावदोरा घालायला दहा मिनिटं लागतात. पुढच्या वर्षी तिला काहीतरी वेगळंच व्हायचं असतं, ते सोडा.

सोंग आणि पणती

२०२४ साली अमेरिकेत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले. सासूबाई इथेच होत्या. दारात त्यांनी ठिपक्यांची रांगोळी काढली, पायऱ्यांच्या दोन्ही कडांना तेलाच्या पणत्या मांडल्या. भोपळा शेजारीच हसत होता. मी मनोमन म्हटलं, काय सुंदर योग. साडेसहाला पहिली टोळी आली. त्यांतल्या एका छोट्या परीच्या झग्याला चार पदरी जाळीचा घेर. ती पायरी चढली आणि घेर पणतीवरून असा गेला, की ज्योत आडवी झालेली मी डोळ्यांनी पाहिली. लागलं काही नाही. पण सासूबाई माझ्याआधी खाली वाकल्या आणि पदर सावरत एकेक पणती फुंकून टाकली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फुंकर मारून दिवा विझवणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. पणत्या मागच्या अंगणातल्या तुळशीपाशी गेल्या, पायऱ्यांवर बॅटरीचे दिवे आले.

त्या पोशाखांची गोम समजून घेतली पाहिजे. दुकानात मिळणारे बहुतेक पोशाख नायलॉन-पॉलिएस्टरचे. अमेरिकेत लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांसाठी आगीची कसोटी कडक आहे. सोंगाच्या कपड्यांना मात्र साध्या कपड्यांचीच सैल कसोटी लागते. वेष्टनावर "फ्लेम रेझिस्टंट" लिहिलेलं असेल तर घ्यावं, पण त्याचा अर्थ पेटायला वेळ लागतो आणि ज्योत काढली की लवकर विझतो, एवढाच. न जळणारा असा नाही. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. घरी शिवलेलं सुती सोंगही भराभर पेटतं. कापडापेक्षाही घेर घात करतो: पातळ, फुगलेले थर, मधे हवाच हवा, म्हणजे चुलीत काटक्या रचाव्यात तसं.

ब्रिटनमध्ये २०१४ च्या हॅलोविनला एका प्रसिद्ध टीव्ही निवेदिकेच्या लहान मुलीचा चेटकिणीचा पोशाख भोपळ्यातल्या मेणबत्तीनं पेटला आणि ती गंभीर भाजली. त्यानंतर तिथे गदारोळ झाला, कारण असे पोशाख तिथल्या नियमांत कपडे म्हणून गणले जात नव्हते, खेळणी म्हणून गणले जात होते. आईनं नंतर मुलाखतीत सांगितलं की विझवू म्हटलं तरी आग विझेना.

म्हणून दारातल्या भोपळ्यात बॅटरीचा दिवा. पेटलंच तर मुलानं पळायचं नाही, थांबायचं, आडवं व्हायचं, तोंडावर हात घेऊन लोळायचं. अमेरिकेतल्या शाळांत हे शिकवतात, घरी एकदा गालिच्यावर खेळ म्हणून करून घ्यावं. भाजलेल्या जागी नळाचं वाहतं गार पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, तूप नाही, टूथपेस्ट नाही.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही आता हॅलोविन होतं. तिथे रस्त्याचा धोका फाटकाबाहेर राहतो, पण हे दिवस बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतात. चेटकिणीचा झगा घालून फुलबाजी हातात देऊ नका. झगा आधी उतरवा, सुती कपडे घाला, मग फटाके.

भोपळा कोरण्याबद्दल दोन शब्द. तो विळीवर चिरायच्या लाल भोपळ्यासारखा नसतो, साल निबर नि निसरडं असतं, आणि ऑक्टोबरात हाताच्या शल्यविशारदांकडे बोटांच्या नसा कापलेले लोक येतात ते यामुळे. स्वयंपाकाची सुरी नको. कोरण्याची छोटी दातेरी करवत दुकानात मिळते, ती मोठ्यांनी चालवावी. मुलांनी आतला गर आणि बिया काढाव्यात, खरी मजा तिथेच आहे. त्या गराचे घारगे करायचा मोह मी एकदा केला. पाणचट होतो, गूळ वाया जातो.

कुणाच्या दारात जायचं

ज्या घराचा पोर्चचा दिवा लागलेला आहे तिथेच जायचं. दिवा बंद म्हणजे "आमच्याकडे नका येऊ". हा अलिखित नियम नवख्यांना कुणी सांगत नाही. १७ ऑक्टोबर १९९२ ला लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या मेजवानीला निघाला आणि पत्ता चुकून भलत्याच घराशी गेला. घरमालकानं बंदूक रोखून "फ्रीझ", म्हणजे जागेवर थांब, असं बजावलं. मुलगा पुढे येत राहिला आणि गोळी लागून मेला. पुढल्या वर्षी ज्युरीनं घरमालकाला निर्दोष सोडलं. अशी घटना लाखांत एक. पण या देशात घराघरात शस्त्रं आहेत हे परदेशातून आलेल्या किशोरवयीन मुलाला स्पष्ट सांगितलेलं बरं, आणि सोंगातली बंदूक खऱ्यासारखी दिसणारी नसावी.

बादलीत खरंच बघायचं ते

विष नाही बघायचं, शेंगदाणा बघायचा. ज्या मुलाला ॲलर्जी आहे त्याच्यासाठी ही बादली खरोखर धोक्याची. अमेरिकेत नऊ मोठे ॲलर्जीकारक पदार्थ वेष्टनावर लिहावे लागतात: दूध, अंडं, मासे, कवचधारी मासे, झाडावरचे कठीण कवचाचे मेवे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. मोठ्या पुड्यावर यादी असते, पण आतल्या बोटभर चॉकलेटांवर बहुधा नसते, आणि मुलाच्या हातात पडतं ते बोटभर चॉकलेटच. त्यातही तेच चॉकलेट लहान आकारात वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या घटकांसह बनलेलं असू शकतं. "मोठं खाल्लं तेव्हा काही झालं नाही" हा पुरावा चालत नाही. घरी येईपर्यंत काही खायचं नाही, यादी नसलेलं काढून टाकायचं, आणि एपिनेफ्रिनचं इंजेक्शन बाबांच्या खिशात, गाडीत नाही. ओठ सुजले, आवाज बसला, अंगावर गांधी उठल्या आणि लगेच उलटी झाली, तर आधी ते टोचायचं, मग ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही.

काही घरांपुढे मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवलेला दिसतो. त्याचा अर्थ इथे खाऊशिवाय दुसरंही काही मिळतं: पेन्सिली, चिकटचित्रं, बुडबुड्यांची बाटली. टेनेसीतल्या ॲलर्जीग्रस्त मुलांच्या पालकांपासून सुरू झालेली ही कल्पना २०१४ पासून देशभर पसरली. आम्हीही ठेवतो. ज्यांना ॲलर्जी नाही ती मुलंही बुडबुडेच मागतात.

चार वर्षांखालच्या भावंडाच्या हाती कडक गोळ्या, शेंगदाणे, पॉपकॉर्न लागू नयेत, घशात अडकतात. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट, आणि मनुका असलेलं काहीही, उंच ठेवा. शाकाहारी घरांचा नेहमीचा प्रश्न: मार्शमेलो आणि चघळायच्या बहुतेक गोळ्यांत जिलेटिन असतं.

गांजा घातलेल्या गोळ्यांची बातमीही दर वर्षी येते. हॅलोविनला त्या अनोळखी पोरांना वाटण्याचं कारण मला उमगत नाही, त्या फार महाग असतात. पण घरातल्या गोळ्यांचा धोका अगदी खरा आहे. सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. बहुतेक प्रसंग कुणाच्या तरी घरातच घडलेले. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून प्रौढांसाठी उघड विक्री आहे, म्हणजे आपल्या नाही तरी मित्रांच्या घरात असू शकतात. मूल झोपाळू झालं, तोल जाऊ लागला, तर संकोच सोडून खरं सांगा. विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर देशभर चालतो, फुकट आहे, रात्रंदिवस माणूस बोलतं. श्वास मंदावला किंवा मूल जागं होत नसेल तर थेट ९११.

राहता राहिल्या काळ्या लिकरिशच्या गोळ्या. मुलं त्यांना तोंड लावत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे त्या सासऱ्यांच्या वाटीत जमत असत. लिकरिश म्हणजे आपलं ज्येष्ठमध. चाळिशी उलटलेल्या माणसानं रोज दोन औंस, म्हणजे साधारण ५५ ग्रॅम, असे दोन आठवडे खाल्लं तर शरीरातलं पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं हॅलोविनच्या निमित्तानं बजावलं आहे. सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. हे वाचून दाखवल्यावर त्यांनी वाटी पुढे सरकवली, आणि त्यातल्या दोन मात्र काढून खिशात टाकल्या.